लाल लाईन आणि नववी पायरी

“मॅडम, एक्सएसडी म्हणा नाहीतर रिलॅक्स म्हणा, पण आज काहीतरी एक म्हणा,” ढोमणे सर दारात उभं राहूनच म्हणाले. “तीन आठवडे झाले, तुम्ही नुसता विचारच करून राहिल्या.”

खरंच करून राहिले होते. वहीची आठ पानं भरली होती. डावीकडे एकीचे फायदे, उजवीकडे दुसरीचे. रोज सकाळी एक जिंकायची आणि दुपारच्या चहापर्यंत दुसरी. ढोमणे सर आमच्या ऑफिसचे मालक, मूळ नागपूरचे. चिडले तरी आवाज चढवत नाहीत. फक्त दारात उभे राहतात आणि हलत नाहीत.

आमचं ऑफिस भिलाईत, जुनवानीला, एका चष्म्याच्या दुकानावर. माणसं सात. काम टेक्निकल डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे कारखान्यांची मॅन्युअल आणि स्टँडर्ड नीट मांडून देणं. स्टँडर्ड म्हणजे फार मोठं काही समजू नका. एखादं काम कुठल्या क्रमाने करायचं, काय हत्यारं लागतील, काय सांभाळायचं, हे सांगणारा कागद. शहराबाहेरच्या एका खासगी कारखान्याचे मेंटेनन्सचे असे कपाटभर कागद आमच्याकडे आले होते. हाताने लिहिलेले, हिंदीत. ते एक्सएमएलमध्ये आणायचे होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण पुढे जी चूक झाली ती त्यांची नव्हती. ती माझी होती.

आता एक्सएमएल म्हणजे काय? मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावणं. ही पायरी, हे हत्यार, ही सूचना. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं टाकतो ना, तसं. चिठ्ठ्या लागल्या की तोच मजकूर छापता येतो, मोबाईलवर दाखवता येतो, त्यात शोधता येतं. आणि स्कीमा म्हणजे त्या डब्यांचा कायदा. कुठला डबा असलाच पाहिजे, कुठला कशानंतर यावा, कशात काय भरायचं. कॉम्प्युटर प्रत्येक कागद त्या कायद्याला लावून बघतो. जमलं तर हिरवी खूण, म्हणजे कागद व्हॅलिड. नाही जमलं तर लाल फुली आणि ज्या ओळीत बिघडलं तिचा नंबर.

हा कायदा लिहायच्या भाषा वेगवेगळ्या. डीटीडी सगळ्यात जुनी, ती मी पहिल्याच दिवशी बाद केली. उरल्या दोन. एक्सएसडी लिहायला किचकट, पण जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरला समजते. रिलॅक्स एनजी वाचायला सरळ, बारीक अटी तिच्यात सहज घालता येतात, पण तिला ओळखणारं सॉफ्टवेअर कमी. मी गेल्या बारा वर्षांत दोन्ही वापरल्या आहेत. तरी ठरत नव्हतं. एकदा स्कीमा ठरला की कपाटभर कागद त्याच्या मापाने कापले जाणार, आणि मग वर्षभराने चूक कळली तर पुन्हा शिवत बसायचं. माझा स्वभावच घोर लावून घेणारा. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत येते. रात्री नवरा म्हणायचा, “अगं, दोन भाषाच आहेत ना, चिठ्ठ्या टाक.” त्याला काय सांगणार!

शेवटी ढोमणे सरांनी विकत घेतलेल्या फॉर्मच्या सॉफ्टवेअरने निकाल लावला. त्यात एक्सएसडी टाकली की टायपिंग करणाऱ्या मुलींसाठी आपोआप फॉर्म तयार व्हायचा. रिलॅक्स त्याला कळतच नव्हती.

“मग झालं की,” सर म्हणाले. “कायले डोकं पिकवून राहिल्या?”

मी एक्सएसडी म्हटलं. सर दारातून हलले.

एक अडचण होती, छोटीशी. निदान मला छोटी वाटली. जुन्या कागदांत सूचना पायऱ्यांच्या मध्येच कुठेतरी यायच्या. चार पायऱ्या, मग एक सूचना, मग परत तीन पायऱ्या. आमच्याकडे आलेल्या प्रती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स होत्या. त्यात ही सूचना म्हणजे एक जाड अक्षरांतली ओळ, खालीवर रेघ मारलेली. फॉर्ममध्ये असा मिसळलेला मजकूर फार वेडावाकडा दिसायचा. म्हणून मी काय केलं, सगळ्या सूचना उचलून वर आणल्या. आधी सूचनांचा चौकोन, मग हत्यारांची यादी, मग एकापाठोपाठ एक पायऱ्या. कायदाच तसा लिहिला. किती नीटनेटकं दिसत होतं म्हणून सांगू! तीन आठवड्यांनी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

पहिले आठ कागद टाईप झाले. आठच्या आठ कागदांना हिरवी खूण. सोमवारी मी त्यांच्या पीडीएफ क्लायंटकडच्या मेंटेनन्स प्रमुखांना, साहू साहेबांना, पाठवून दिल्या. शुक्रवारी त्यांच्यासोबत मंजुरीची मीटिंग होती, त्याआधी त्यांनी नजर टाकावी एवढाच हेतू. मेलमध्ये मी मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘ऑल व्हॅलिडेटेड’. मोबाईलवर साहू साहेबांचा अंगठा आला. मला वाटलं, पसंत पडलं.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी खुर्सीपारला गेले. तिथे नेवारे काका राहतात. काका आमच्या माहेरच्या ओळखीतले, भंडाऱ्याकडचे, माझ्या बाबांच्या गावाशेजारचे. त्याच खासगी कारखान्यात ते फोरमन होते आणि महिन्याभरापूर्वीच रिटायर झाले होते. ते कपाटभर कागद बहुतेक त्यांच्याच अक्षरातले. झेरॉक्समध्ये काही शब्द लागत नव्हते, ते विचारायचे होते. जाता जाता नवे छापील कागदही दाखवावेत, काका खूश होतील, असं मनात होतं.

काका अंगणात खाटेवर बसले होते. काकूंनी चहा ठेवला. मी त्यांच्या हातात नवा कागद दिला, कन्व्हेअर बेल्ट बदलायचा. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मनात नाही, मोठ्याने, शाळेतल्यासारखं. वरचा सूचनांचा चौकोन वाचला. हत्यारं वाचली. मग पायऱ्या, एक ते चौदा, एका दमात.

“मस्त हाय वं पोरी,” ते म्हणाले. “अक्षर साफ. वाचाले सोपं.”

मी फुलले. काका कागद मागेपुढे करून बघत होते.

“पन थांबाचं कुठं?”

“म्हणजे?”

“म्हंजे थांबाचं कुठं? लाल लाईन कुठं गेली?”

मला काही कळेना. काका उठले, आत गेले आणि ट्रंकेतून त्याच कामाचा जुना कागद घेऊन आले, मूळचा, झेरॉक्स नाही. पिवळा पडलेला, तेलाच्या बोटांचे डाग. आणि त्यावर त्या जाड ओळी लाल होत्या. लाल पेनाने लिहिलेल्या, वर लाल रेघ, खाली लाल रेघ. आमच्या झेरॉक्समध्ये लाल काय नि काळं काय, सगळं काळंच आलं होतं.

मग काकांनी सांगितलं ते ऐका. काम सुरू करायच्या आधी आणि काम चालू असताना फोरमन कागद मोठ्याने वाचतो. गँग उभी राहून ऐकते. एक पायरी वाचली, ती केली, मग पुढची. वाचता वाचता लाल लाईन आली की वाचणारा थांबतो. कागद उलटा करून ठेवतो. मग प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि त्या लाईनीतलं जे सांभाळायचं ते आपण स्वतः पाहिलं का ते सांगायचं. ‘मी अमुक, स्विचला माझं कुलूप आहे.’ ‘मी तमुक, कुलूप पाहिलं.’ सगळ्यांचं झालं की कागद सरळ करायचा आणि पुढची पायरी वाचायची. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, तिथल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

“सूचना नसते वं ते,” काका म्हणाले. “थे थांबा असते. तुवा साऱ्या थांब्यायले गोया करून वरतं नेऊन ठेवलं. आता सुरवातीले एकदाच हो मनतीन अन् मंग गाडी सीधी चौदा नंबरवर.”

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले; काका म्हणत होते तसंच झालं होतं. तरी मी स्वतःला समजावत होते की मीटिंग उद्या आहे, अजून काही बिघडलं नाही, आज दुपारी बसून बदलू.

काकांनी कप खाली ठेवला. “पन आज चार नंबरचा बेल्ट हाय नं. सुखदेव करून राहिला. काल फोन आला होता त्याचा. ‘काका, नया कागज आया है,’ मने, ‘साहब ने दिया, पढ़ने में एकदम आसान.’”

“आज? कधी?”

“नऊ-साडेनऊले सुरू करतीन.”

घड्याळात पावणेनऊ झाले होते. साहू साहेबांनी नुसती नजर टाकली नव्हती. माझ्या ऐटीतल्या मेलवर भरवसा ठेवून त्यांनी कागद छापून गँगच्या हातात दिले होते.

सुखदेव म्हणजे काकांच्या जागी आलेला ठेकेदाराचा सुपरवायझर. चांगला मुलगा, काका म्हणाले, कागदाबाहेर एक पाऊल टाकत नाही. एरवी हे ऐकून मला आनंद झाला असता.

त्या कामात भीती कशाची ते सांगते. कन्व्हेअरचा लांबलचक रबरी बेल्ट सैल पडू नये म्हणून त्याला एक अवजड वजन टांगलेलं असतं. काउंटरवेट. वीज बंद केली, ती कोणी चुकून सुरू करू नये म्हणून स्विचला कुलूप लावलं, तरी ते वजन बेल्टला ओढतच असतं. नववी पायरी बेल्ट कापायची. तो कापायच्या आधी काउंटरवेट चेनपुलीने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, उचलून बांधावं लागतं. नाहीतर कापल्याबरोबर वजन खाली येतं आणि कापलेला बेल्ट चाबकासारखा उसळतो. शेजारी जो असेल त्याला लागतो. जुन्या कागदात आठव्या आणि नवव्या पायरीच्या मध्ये लाल लाईन होती, ‘काउंटरवेट बंधा है’. माझ्या कागदात ती वरच्या चौकोनात होती, सहा सूचनांपैकी पाचवी.

काकांनी सुखदेवला फोन लावला. बंद. कारखान्यात मोबाईल गेटवर जमा करतात. मी साहू साहेबांना लावला. वाजला, वाजला, कट झाला. सकाळची मीटिंग, फोन सायलेंटवर.

“चाल,” काका म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. काकू मागून ओरडत होत्या, “अवो, चहा तं प्या!”

स्कूटीवर मी पुढे, काका मागे. निघण्याआधी मी ढोमणे सरांना फोन लावला.

“सर, साहू साहेबांशी काहीही करून बोला. आजचं काम जुन्या कागदावर करायला सांगा. आपला कागद चुकीचा आहे.”

“चुकीचा म्हंजे? व्हॅलिड नाही का?”

“व्हॅलिड आहे.”

“मग?”

“व्हॅलिड आहे आणि चुकीचा आहे.”

 “मॅडम, उद्या अप्रूव्हल आहे. अन् आज तुम्ही क्लायंटले सांगता का आमचा माल खराब हाय? तुमचं पहिल्यापासून हेच. ठरवता अन् मग घाबरता. जरा पाणी प्या, ऑफिसले या, पाहू.”

मला असा राग आला! रागापेक्षाही भीती, कारण सर म्हणत होते ते खरंच होतं. मी नेहमीच घाबरते. तीन आठवडे मी ज्याला घाबरत होते त्यातलं काहीच घडलं नव्हतं, आणि जे घडलं होतं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. मग या वेळची भीती खरी कशावरून? मान वळवून काकांना विचारावंसं वाटलं, काका, मी उगाच तर घाबरत नाही ना? पण ते मागे बसले होते आणि मधूनमधून एवढंच म्हणत होते, “जरा तेज घे, पोरी.”

गेटवर पोचलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं. माझा पास शुक्रवारचा. काकांचा पास रिटायर झाले त्या दिवशीच जमा झालेला. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने काकांना नमस्कार केला, खुर्ची दिली, पण आत सोडेना. “काका, आप तो जानते हो. कैमरा लगा है.”

“मले आत जाचंच नाही,” काका म्हणाले, आणि मग हिंदीत, “बेल्ट सेक्शन में फोन लगा दे.”

त्याने इंटरकॉम लावला. रिंग वाजत राहिली. उचलायला कोणी नाही, म्हणजे सगळे बेल्टवर गेले होते.  डोळ्यांसमोर नववी पायरी येत होती, मी स्वतः निवडलेल्या टाईपमध्ये, ठळक नंबरासह. शेवटी मी त्या सिक्युरिटीवाल्यावर ओरडले. मी कधी ओरडत नाही. “साहू साहब को मीटिंग से उठाइए! अभी! मेरे नाम से उठाइए, बाद में मुझे डाँटने दीजिए!”

त्याने बहुधा दचकूनच फोन लावला. साहू साहेब जीप घेऊन आले. उंच, शांत माणूस, टक्कल, हातात अजून मीटिंगची डायरी. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी नुसती मान डोलावली. साहू साहेब म्हणाले, “बैठिए.”

मी जीपमध्ये चढत होते तेव्हा काकांनी गेटच्या अलीकडून माझा हात धरला. “पैलं काउंटरवेट पाह्य. कोनाले काही इचारू नको. आपल्या डोयानं पाह्य.”

आत किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. तीन-चार मिनिटं असतील. मधे एक ट्रक आडवा होता, त्याला मागे घ्यायला लागलं, आणि मी मनातल्या मनात पायऱ्या मोजत होते. एक, कामाचं परमिट. दोन, बेल्ट रिकामा. तीन, स्विच. चार, कुलूप. काकांची गँग चौथ्या पायरीवर थांबली असती, सहा जणांनी नावं सांगितली असती, त्यात दहा मिनिटं गेली असती. माझ्या कागदाने ती दहा मिनिटं वाचवली होती.

चार नंबरच्या बेल्टपाशी सहा माणसं होती. सुखदेव हातात कागद धरून उभा होता, माझा कागद, प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला. दोघं बेल्टवर खडूने मारलेल्या रेघेजवळ गुडघ्यावर बसले होते. एकाच्या हातात सुरा होता आणि तो सुऱ्याची धार अंगठ्याने बघत होता.

मी वर बघितलं. काउंटरवेट टांगलेलं होतं. वरच्या कडीला चेनपुली तयार होती, पण तिचा आकडा मोकळाच लोंबत होता.

“रुकिए!” मी म्हणाले. साहू साहेबांनी हात वर केला आणि सुरा धरलेला माणूस उठून मागे झाला.

“सुखदेव,” साहू साहेब म्हणाले, “काउंटरवेट बाँधा क्या?”

सुखदेवने एकदा कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कव्हरावर बोट ठेवून वरचा चौकोन दाखवला. “सर, पढ़ा है ना. शुरू में ही पढ़ दिया था. सबने हाँ बोला.”

तो खोटं बोलत नव्हता. सगळे हो म्हणाले होते. सहा सूचना, सहा हो, काम सुरू व्हायच्या आधी, जेव्हा काउंटरवेट बांधायची वेळच आली नव्हती. मग त्याने माझा कागद जसा होता तसा वाचला. आठवी पायरी, बेल्ट पुसून घ्या. नववी पायरी, रेघेवर कापा. मधे काही नव्हतं.

मी तिथल्याच एका लोखंडी पेटीवर बसले. त्यांनी चेनपुली लावली, वजन उचललं, बांधलं. साखळी ताठ झाल्याचा आवाज आला. बेल्ट सैल पडला, मधे झोळ आला. मी उठून जवळ गेले आणि वजनाच्या कडीत अडकलेला आकडा बघितला. कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं होतं, खरं तर. मग मी बाहेर येऊन रडले. त्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही.

शुक्रवारची मीटिंग झाली. ढोमणे सर माझ्या शेजारी बसले होते. साहू साहेबांनी एकच प्रश्न विचारला. “मैडम, आपके सॉफ्टवेयर ने हरा निशान दिया कैसे?”

मी सांगितलं ते इथेही सांगते. स्कीमा मजकूर खरा की खोटा ते बघत नाही. मी जो कायदा लिहिला तेवढंच बघतो. माझा कायदा म्हणत होता, सूचना वर पाहिजेत. होत्या. म्हणून हिरवी खूण. दोष एक्सएसडीचा नव्हता. धोक्याच्या पायऱ्यांना वेगळं नाव दिलं असतं तर तिच्यातही लाल लाईन बसवता आली असती. पण मी भाषा निवडली ती फॉर्मला सोयीची म्हणून, आणि मग कागदही फॉर्मच्या सोयीने कापला. तो कागद हातात घेऊन उभं राहणाऱ्या माणसाला मी विचारलंच नव्हतं.

या वेळी भाषा निवडायला मला अर्धा तास लागला. रिलॅक्स एनजी. आम्हाला पायरीचं नाव एकच ठेवून तिच्यावर फक्त ‘साधी’ किंवा ‘धोक्याची’ अशी खूण करायची होती, म्हणजे लिहिणाऱ्याला पायरी ती पायरीच वाटेल. आणि कायदा असा: साधी पायरी एकटी येऊ शकते, धोक्याची पायरी एकटी येऊच शकत नाही, तिच्या लगेच आधी लाल लाईन पाहिजे. रिलॅक्समध्ये हे जवळजवळ असंच्या असं लिहिता येतं. आमच्या एक्सएसडीत एकाच नावाच्या पायरीला तिच्या खुणेवरून दोन वेगळे कायदे लावता येत नव्हते. आता लाल लाईन काढून बघा, लाल फुली येते आणि ओळीचा नंबरही.

फॉर्मचं सॉफ्टवेअर अर्थातच बाद झालं. ढोमणे सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, गेली नोकरी.

“धोक्याची पायरी कोणती अन् साधी कोणती, हे ठरवणार कोन?” त्यांनी विचारलं. “कॉम्प्युटर तं ठरवत नाही ना?”

“नाही सर.”

“मग बोलवा तुमच्या काकाले.”

काका महिनाभर आमच्या ऑफिसात आले. टायपिंगच्या मुली आधी त्यांना घाबरायच्या, मग त्यांच्या डब्यातल्या मिरचीच्या ठेच्याला घाबरायला लागल्या. लाल पेन खिशात घेऊनच ते यायचे. प्रत्येक झेरॉक्सवर परत लाल रेघा मारल्या. दोन ठिकाणी त्यांनी नव्या लाल लाईनी घातल्या. का घातल्या ते मी विचारलं नाही, कारण त्या घालताना ते कोणाचं तरी नाव तोंडातल्या तोंडात घेत होते. आणि लाल लाईन कशी पाळायची, कागद उलटा कसा ठेवायचा, कोणी काय बोलायचं, हेही आम्ही प्रत्येक कागदाच्या सुरुवातीला छापलं. सगळ्यांना माहीत आहे म्हणून सोडून दिलं नाही.

मी शिकले काय म्हणाल, तर एवढंच. आता कोणी नवं काम घेऊन आलं की मी भाषेचं नावही काढत नाही. आधी विचारते, हा कागद मोठ्याने कोण वाचतं, आणि वाचताना थांबतं कुठे. लोक चमकून बघतात. बघू देत.

नव्या स्कीमातून बेल्टचा पहिला कागद छापून आला, तो मी काकांच्याच हातात दिला. ऑफिसातच, दुपारी, खाली दुकानात चष्म्याचे नंबर तपासणं चालू होतं तेव्हा. काकांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. चौथ्या पायरीनंतरच्या लाल लाईनीवर नुसतं बोट टेकवून पुढे गेले. आठवी पायरी वाचली. मग थांबले. कागद टेबलावर उलटा ठेवला आणि हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसले.

“काय झालं काका? काही राहिलं का?”

 मुलींनी टायपिंग थांबवलं. ढोमणे सर दारात येऊन उभे राहिले.

“लाल लाईन आली,” काका म्हणाले. “नाव सांग. अन् काय पाह्यलं थे सांग.”

मी सांगितलं. “वैशाली गभणे. काउंटरवेट बांधलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

काकांनी कागद सरळ केला आणि नववी पायरी वाचली.